कोरा नमुना

वहीच्या शेवटच्या ओळीत त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं : ‘एकूण १८० नोटा. मोजल्या. बरोबर.’ खाली सोमवारची तारीख आणि त्याची सही, म्हणजे एक वेलांटी आणि तिच्यामागे ओढलेली रेघ. ती ओळ मी तीनदा वाचली. शाई निळी होती, अक्षर नेहमीसारखं उजवीकडे झुकलेलं होतं, ‘बरोबर’नंतरचा पूर्णविराम जरा दाबून दिलेला होता. काहीही घाईत लिहिल्यासारखं दिसत नव्हतं. पण हे बरोबर असणं शक्य नव्हतं. त्या डब्यातल्या हजाराच्या पाच नोटा रविवार दुपारपासून माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होत्या. सोमवारी डब्यात एकशे पंचाहत्तरच असायला हव्या होत्या, आणि एकशे पंचाहत्तर मोजून कोणी एकशे ऐंशी लिहीत नाही. लिहिलंच, तर एक तर मोजलेलं नसतं, नाहीतर मोजून काहीतरी लपवलेलं असतं. “साखर अर्धाच चमचा ना गं?” पलीकडच्या ओट्यापाशी चहा करता करता त्याने विचारलं. “हो,” मी म्हणाले. “मोजून अर्धा, बाईसाहेब. दाणाही जास्त नाही.” पाण्याला अजून उकळी आली नव्हती. एकशे ऐंशी नोटा मोजायला दोन मिनिटं पुरतात. गड्डीवरच्या रबराखाली माझं बोटही गेलं होतं. मग मी ते काढून घेतलं, वही गड्डीवर ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं. का, ते त्या क्षणी कळलं नाही. इतकंच कळलं की मोजलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि दहा दिवसांवर लग्न असलेल्या बाईला प्रत्येक उत्तर परवडतंच असं नाही.

तो डबा म्हणजे त्याच्या हत्यारांचा जुना पत्र्याचा डबा. कितीही पुसला तरी त्याचा ग्रीजचा वास गेला नव्हता आणि तो नोटांनाही लागला होता. तो लिफ्टचा मेकॅनिक आहे, शहरातल्या बेचाळीस इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे आहेत. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. लग्नानंतर राहायला आम्ही दोन खोल्यांचं एक घर पाहून ठेवलं होतं. घरमालकीणबाई बँकेत एकतीस वर्षं रोखपाल होत्या आणि त्यांना अनामत रक्कम रोखीतच हवी होती. “खात्यात दिसतो तो आकडा,” त्या म्हणाल्या होत्या, “पैसा नव्हे.” म्हणून नऊ महिने, दर महिन्याला दहा नोटा त्याच्या आणि दहा माझ्या, असं त्या डब्यात साठत गेलं. वहीची कल्पना माझी. कोणी किती घातले, कधी घातले, सही. तो लिहायचा, कारण मी सांगितलं होतं म्हणून. पण माझ्या दहा नोटा त्याने कधी मोजून घेतल्या नाहीत. मी हातात देणार, तो तशाच डब्यात टाकणार. “मोज ना,” मी म्हणायची. “तू दिल्यास ना? मग झालं.” “तसं नसतं. घेणाऱ्याने मोजायचं असतं.” “घेणाऱ्याने घ्यायचं असतं,” तो म्हणायचा आणि झाकण लावायचा. मला याचा राग यायचा. प्रेमात पडलेल्या माणसाला समोरच्याच्या बेफिकिरीचा जसा येतो तसा नव्हे. कामाच्या जागी कोणी हातमोजे न घालता बाटली उचलली की येतो, तसा. शेवटी, पैसे द्यायच्या आधी एकदा सगळी गड्डी मोजून वहीत लिहायचं आणि ते त्याने करायचं, असं ठरलं. इतकी एक अट त्याने मान्य केली होती. आणि तीच ओळ मी आता वाचली होती.

आमच्या प्रयोगशाळेत माझ्याकडे एक काम आहे, ज्यामुळे दुपारच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी फारसं कोणी बसत नाही. मी आंधळे नमुने बनवते. रोज शहरभरातून पाण्याच्या बाटल्या येतात, त्यांवर पत्ते असतात. त्यांच्यात मी अधूनमधून माझी एक बाटली मिसळते. तिच्यावरचा पत्ता खोटा असतो. आतल्या पाण्यात काय आणि किती आहे ते फक्त मला ठाऊक असतं, कारण ते मीच घातलेलं असतं. तपासणाऱ्याने आणलेला आकडा माझ्या आकड्याशी जुळला तर तो माणूस, त्याचं यंत्र, त्याचं रसायन, सगळं ठीक. नाही जुळला, तर शोध सुरू. मला तिथे ‘चाळणी’ म्हणतात. माझ्यासमोर म्हणत नाहीत, पण चाळणीला ऐकू येतं. मागच्या वर्षी नायट्रेट बघणारे एक काका होते. माझ्या बाटलीचा त्यांनी दिलेला आकडा अगदी सरळसोट होता, शेजारच्या विहिरींच्या पाण्याला शोभेल असा. माझ्या आकड्याच्या मात्र जवळपासही नव्हता. मी बाटली शोधून काढली. सील जसंच्या तसं होतं. त्यांनी ती उघडलीच नव्हती. गेल्या महिन्याचे आकडे बघून अंदाजाने लिहिलं होतं, खाली ‘तपासले’ आणि सही. निवृत्तीला चार महिने राहिले होते. त्यांना आधीच जावं लागलं. शेवटच्या दिवशी कपाटातला चष्म्याचा डबा, एक कंगवा, एक जुनं कॅलेंडर असं पिशवीत भरून ते माझ्या टेबलाशी आले. “रंग दिसत नाही गं मला आता,” ते म्हणाले. “फिकट गुलाबी आणि नुसतं पाणी, सारखंच दिसतं. वर्ष झालं.” मग थोडं थांबून, “विचारलं असतंस तर सांगितलं असतं, पोरी.” विचारायचं हे माझ्या कामात बसत नव्हतं. आणि खरं म्हणजे विचारल्यावर त्यांनी सांगितलं असतंच, यावर माझा विश्वास नव्हता.

तर रविवारी काय झालं ते सांगायला हवं. त्याच्या ताईकडे जेवायला गेलो होतो. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी, आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. मोठ्याने बोलते, मोठ्याने हसते. जेवताना लग्नाच्या खर्चाचा विषय निघाला आणि ताई मला म्हणाली, “पैशाचं तू बघ हो. आमच्या गोट्याच्या हातात पैसा म्हणजे ओंजळीत पाणी. लहानपणी माझा मातीचा गल्ला होता ना, त्याला हा पठ्ठ्या कंगव्याचा दात घालून नाणी काढायचा. वर मलाच म्हणायचा, ताई, तुझा गल्ला वाजत नाही गं हल्ली!” सगळे हसले. तोही हसला, कान लाल करून. “परत भरायचो की मी,” तो म्हणाला. “भरायचास!” ताई म्हणाली. “दोन काढून एक.” मीही हसले. पण माझ्या मनात पाल चुकचुकली, ती तिथेच, ताटावर बसल्या बसल्या. वास्तविक सात-आठ वर्षांच्या मुलाची गोष्ट. पण मी ती आकड्यांत ऐकली : दोन काढून एक. परतताना रस्ताभर तो पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत होता आणि मी ‘हं’ म्हणत होते. त्याच्या खोलीवर आलो तेवढ्यात खालून हाक आली. त्याच्याच इमारतीची लिफ्ट अडली होती, आत एक आजोबा होते. तो पाना घेऊन धावला. मी एकटी राहिले, आणि समोर कपाटात डबा होता. किल्ली आम्हा दोघांकडे होती. मी झाकण उघडलं, वरच्या पाच नोटा काढल्या, पर्समध्ये ठेवल्या, झाकण लावलं. सगळं मिळून अर्धं मिनिट. खालून त्याचा आवाज येत होता, “घाबरू नका आजोबा, पडत नाही ती. अडकली आहे नुसती.” मी मनाशी म्हटलं, गंमत. उद्या हा मोजेल, फोन करून म्हणेल, अगं पाच कमी भरतायत. मी हसेन, पर्समधून काढून देईन आणि म्हणेन, पास झालास. गंमत हा शब्द मी दोन-तीनदा म्हटला. प्रयोगाला प्रयोग म्हणायला मी एरवी लाजत नाही.

सोमवारी फोन आला नाही. म्हणजे आला, पण पडद्यांच्या मापाचा. मंगळवारी संध्याकाळी मी त्याच्याकडे गेले आणि ती ओळ वाचली. चहा मी सगळा प्यायले. तो मला लिफ्टमधल्या आजोबांची गोष्ट सांगत होता, कसे ते सुटल्यावर आधी आपली काठी मोजल्यासारखी वरपासून खालपर्यंत बघत होते, आणि मी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. काय शोधायचं तेही मला नीट ठाऊक नव्हतं. डाव्या भुवईजवळ ग्रीजचा एक डाग होता. डोळे नेहमीचे. “अशी काय बघतेयस?” तो म्हणाला. “डाग आहे,” मी म्हणाले. त्याने भुवई पुसली आणि डाग आणखी पसरला. मी उठले. “उद्या दीड वाजता, घरमालकीणबाईंकडे,” तो म्हणाला. “पाकीट मी घेऊन येतो.” त्याने माझ्यासमोरच गड्डी एका खाकी पाकिटात घातली आणि वर चिकटपट्टी लावली. दाताने पट्टी तोडताना त्याचा चेहरा अगदी निष्पाप दिसत होता. पण त्या काकांचाही दिसायचा.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मला दोन शक्यता दिसत होत्या आणि त्या मी आलटून पालटून उचलून बघत होते. पहिली : त्याने मोजलंच नाही. माझी एवढी एक अट होती, आणि ती त्याने अंदाजाने, सही करून निकालात काढली. दुसरी : त्याने मोजलं, कमी भरलं, आणि कमी का भरतंय हे आपल्याला ठाऊक आहे असं त्याला वाटलं, कारण त्यातून तो स्वतःच काढत होता. दोन काढून एक. माझ्या पाच नोटांचा खड्डा त्याला आपल्याच खड्ड्याचा भाग वाटला असेल. या दोन्हींपैकी कमी वाईट कोणतं, हे मला ठरवता येत नव्हतं. बेफिकीर माणसाबरोबर चाळीस वर्षं काढायची की लबाड माणसाबरोबर? माझ्या आईला हा प्रश्न कोणी विचारला असता तर तिने आधी हातातलं काम बाजूला ठेवलं असतं.

आई पैसे पिठाच्या डब्यामागच्या एका छोट्या डब्यात ठेवायची आणि झाकणावर आडवा एक केस ठेवायची, स्वतःचा, लांब, तेलाच्या बोटाने चिकटवलेला. झाकण उघडलं की केस पडणार. मला हे ठाऊक होतं, कारण ओट्याच्या उंचीचे डोळे असलेल्या मुलीला पिठाच्या डब्यामागचं सगळं दिसतं. मी नऊ वर्षांची असताना एकदा ताप आला म्हणून घरी होते. दुपारी बाबा आले. त्या वेळी ते कधी यायचे नाहीत. त्यांनी छोटा डबा काढला, उघडला, दोन नोटा घेतल्या. मग ते आरशाशी गेले, आईच्या कंगव्यातून एक लांब केस ओढून काढला, आणि तो झाकणावर आडवा ठेवला, इतक्या काळजीने की मला वाटलं ते काहीतरी दुरुस्त करतायत. वळले तेव्हा त्यांना मी दिसले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. हसले नाहीत. संध्याकाळी आईने केस बघितला, तरी डबा उघडला, मोजलं, झाकण लावलं. बाबांना वाढताना तिचा हात कुठे आखडला नाही. ती काही बोलली नाही, बाबा काही बोलले नाहीत, मीही नाही. पुढे कळलं की बाबांची नोकरी तेव्हा सुटून चार महिने झाले होते आणि ते रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन निघायचे ते ग्रंथालयाच्या वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसायचे. आईला ते किती दिवस आधी कळलं होतं, ते तिने कधी सांगितलं नाही. तिने त्यांना विचारलंही नव्हतं. आमच्या घरात कोणी कोणाला विचारत नसे. मोजत असत. बाबांना दुसरी नोकरी लागली, मी शिकले, घराला रंग लागला, आणि आई अजून मोजते. सकाळी तिला सांगितलं असतं की मी पाच नोटा काढून ठेवल्या आहेत, तर ती एवढंच म्हणाली असती : केस ठेवला होतास का?

बुधवारी दीडला तो बाईंच्या इमारतीखाली उभा होता. धुतलेला शर्ट, भुवईवर डाग नाही, बगलेत खाकी पाकीट. पट्टी कालचीच होती, मी बघितली. माझ्या पर्समध्ये पाच नोटा होत्या आणि मी वाक्य तयार केलं होतं : अगं बाई, या माझ्याकडेच राहिल्या वाटतं. घरमालकीणबाईंसमोर त्याची लाज जाऊ नये म्हणून. की माझी जाऊ नये म्हणून; तेव्हा हे दोन वेगळे वाटत नव्हते. लिफ्टमध्ये त्याने नेहमीसारखा दाराला कान लावला. “दोऱ्या कोरड्या पडल्यात,” तो म्हणाला. “बाईंना सांगायला हवं.” तिसऱ्या मजल्यापर्यंत मी वर लागलेली पाटी वाचत होते : सहा माणसे, चारशे आठ किलो.

बाईंनी टेबलावर कोरा रुमाल पसरला. बशीत ओला स्पंज, त्यावर बोट टेकवायचं आणि नोट सारायची. “सवय,” त्या म्हणाल्या. “नवरा म्हणायचा, तू झोपेतही मोजतेस.” मग त्या बोलायच्या थांबल्या आणि त्यांची बोटं चालू झाली. नोटांचा तो आवाज, कोरडा, एकसारखा, मी आजवर ऐकलेल्या कुठल्याही यंत्राच्या आवाजापेक्षा जास्त निर्दय होता. तो खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची बघत होता. मी पर्सची चेन निम्मी उघडून ठेवली होती. एकशे साठ. एकशे सत्तर. एकशे पंचाहत्तरला मी श्वास घेतला, आणि बाईंचं बोट स्पंजवर टेकून पुन्हा गड्डीवर आलं. शहात्तर. सत्त्याहत्तर. ऐंशी. त्यांनी गड्डी उलटी केली आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा मोजली. ऐंशी. “चोख,” त्या म्हणाल्या. पावती लिहिता लिहिता त्यांनी आम्हा दोघांकडे चष्म्यावरून बघितलं. “काय गं, तोंडं का अशी? घर मिळालं ना? एक सांगते. भांडणारं जोडपं मला चालतं. आवाज आला तर मी कान बंद करते. पण गप्प बसणारी माणसं नकोत. ती एक दिवस अचानक घर सोडतात आणि भिंतीला खिळे ठेवून जातात.” तो हसला. दोऱ्यांचं तो बाईंना सांगू लागला. टेबलावर एकशे ऐंशी होत्या आणि माझ्या पर्समध्ये पाच. माझ्या हिशोबाच्या जगात एवढ्या नोटाच नव्हत्या.

“जिन्याने जाऊ,” बाहेर आल्यावर तो म्हणाला. एवढ्या लिफ्ट ज्याच्या हाताखाली, तो माणूस उतरताना नेहमी जिना घेतो. म्हणतो, गुडघ्यांना गंज चढतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी थांबले. तिथे कोणाची तरी सायकल भिंतीला टेकवलेली होती, तिच्या चाकात हवा नव्हती. “सोमवारी किती होत्या?” मी विचारलं. तो दोन पायऱ्या खाली गेला होता. “कसल्या?” “नोटा. डब्यात. मोजल्यास तेव्हा.” तो त्या दोन पायऱ्या परत वर आला. मग म्हणाला, “कळलं वाटतं तुला.” “किती होत्या?” “जाऊ दे ना. भरल्या ना आता?” “किती?” “आठ कमी होत्या,” तो म्हणाला. “मी घातल्या. ओव्हरटाइमचे आले होते, पडद्यांसाठी ठेवले होते त्यातल्या.”

“पाच,” मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

“आठ गं. दोनदा मोजल्या.” “पाच. मीच घेतल्या होत्या, पाच.” त्याचा चेहरा मोकळा झाला, हे मला नंतर पुन्हा पुन्हा आठवणार होतं, की आधी तो मोकळा झाला. “हां, म्हणजे तूच! मला वाटलंच होतं. काही अडलं होतं का? आईंची तब्येत?” “तुला वाटलं होतं तर विचारलं का नाहीस?” “विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं,” तो म्हणाला. “दहा दिवसांवर लग्न, त्यात तू पैसे घेतलेस आणि बोलली नाहीस, म्हणजे तसंच काहीतरी असणार. सांगायचं तेव्हा सांगशील, म्हटलं. तुला त्या वहीची लाज वाटायला नको म्हणून ‘बरोबर’ लिहिलं. तसं ते बरोबरच होतं की, मी भरल्यावर.” ही तिसरी शक्यता. बसमध्ये ती माझ्या हाताला लागली नव्हती, आणि मी स्वतःला शास्त्राची पदवीधर म्हणवते. त्या क्षणी माझ्यासमोर एक सरळ, प्रशस्त जिना होता : हो, आईला औषधं लागली होती. एवढं वाक्य. त्याने ते कधीच तपासलं नसतं. हा तपासणार नाही, हे मला आयुष्यात पहिल्यांदाच इतकं पक्कं ठाऊक झालं होतं, आणि त्यामुळेच ते वाक्य मला उच्चारता येईना. “अडलं नव्हतं,” मी म्हणाले. “मला बघायचं होतं.” “काय?” “तू सांगतोस का. कमी आहेत ते.”

त्याला वेळ लागला. त्याने सायकलची घंटी अंगठ्याने दाबली. ती वाजली नाही, नुसती खटकली. “म्हणजे तुमची ती बाटली असते, तसं,” तो म्हणाला. “पत्ता खोटा आणि आतलं तुला ठाऊक.” “हो.” “ताईच्या त्या गल्ल्यामुळे?” मी मान हलवली. “मी सात वर्षांचा होतो गं.” “माहीत आहे मला.” “ब्रेकची चाचणी असते ना आमची,” तो म्हणाला, आवाज न चढवता, मला एखादी कामातली गोष्ट नेहमी समजावून सांगतो तसा, “तेव्हा आम्ही आत लोखंडी वजनं भरतो. माणूस नाही ठेवत आत.” मग तो पायरीवर बसला. खालून कोणीतरी वर आलं, आम्ही बाजूला झालो, त्या माणसाने आम्हाला ‘लिफ्ट बंद आहे का?’ विचारलं. “चालू आहे,” तो म्हणाला. “बिनधास्त जा.”

“आणि तीन?” माणूस गेल्यावर त्याने विचारलं. “आठातल्या पाच तू घेतल्यास. तीन कोणी घेतल्या?” मी सायकलच्या बसलेल्या चाकाकडे बघत राहिले. “मी घेतल्या असं वाटतंय तुला.” “मी तसं म्हटलं नाही.” “नाही म्हटलंस.” तो वर बघत होता, माझ्याकडे नव्हे, जिन्याच्या कठड्याकडे. “रविवारी तू पाच काढल्यास, त्याआधी डब्यात किती होत्या?” हा प्रश्न त्याने विचारावा याची मला लाज वाटली. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात : आधी कोरा नमुना. ज्यात काहीच घातलेलं नाही अशा पाण्याचं वाचन घ्या, मग पुढचं बोला. नाहीतर शेवटी जो आकडा येईल त्यातलं तुमचं किती आणि मुळातलं किती, हे कोणालाही सांगता येणार नाही. हे वाक्य मी स्वतः फळ्यावर लिहिते. “माहीत नाही,” मी म्हणाले. “म्हणजे?” “मोजल्या नव्हत्या.” तो एकदम हसला, खरोखरचं हसू, त्याच्याही नकळत. “तू? तू मोजल्या नव्हत्यास?” आणि मग त्याचं हसू विझलं, कारण त्याच्याही लक्षात आलं असावं की आता त्या तीन नोटांचं काहीच कधी कळणार नाही. तिसऱ्या महिन्यात मी त्याला रस्त्यातच गड्डी दिली होती, कोऱ्या करकरीत नोटा, एकमेकींना चिकटणाऱ्या; मी बसच्या रांगेत उभी राहून मोजलेल्या. मी चुकले असेन. त्याने न मोजता टाकल्या होत्या. किंवा तो कधीतरी डब्यातून काढून विसरला असेल. किंवा विसरला नसेल. त्याच्या मनातही हीच यादी असणार, नावं उलटी करून.

पण मी का मोजल्या नव्हत्या? त्या जिन्यावर मला हे एकच महत्त्वाचं वाटत होतं. मी चोराला पकडायला सापळा लावत होते आणि सापळा लावताना, डब्यात एकशे ऐंशी आहेत, हे धरूनच चालले होते. नऊ महिन्यांत त्यातली एकही नोट इकडची तिकडे झाली असेल हे माझ्या हातांना सुचलं नव्हतं. डोकं संशय घेत होतं, हात विश्वासाने चालले होते. सबंध प्रकरणात तेवढी एकच गोष्ट मी प्रयोग म्हणून केली नव्हती. हे त्याला सांगायला हवं होतं. मी म्हणाले, “तेव्हा मोजावंसं वाटलं नाही. वहीत होतं ना.” ते सबबीसारखं ऐकू आलं. त्यालाही तसंच ऐकू आलं असेल. काका आठवले, हातात पिशवी घेतलेले. विचारलं असतंस तर. “पुढच्या शुक्रवारी...” मी म्हणाले आणि पुढे काय म्हणायचं ते सुचेना. “सव्वाअकरा,” तो म्हणाला. “येईन मी वेळेवर.” तो हे ज्या आवाजात म्हणाला तो आवाज मी फोनवर ऐकलेला आहे, ज्यांची लिफ्ट बंद पडलेली असते त्यांच्याशी तो असा बोलतो.

खाली रस्त्यावर ऊन होतं. आम्ही फुटपाथवर उभे राहिलो, त्याची बस डावीकडून, माझी उजवीकडून. मी पर्सची चेन उघडली, आतल्या कप्प्यातून नोटा काढल्या. रविवारी काढल्या होत्या तशाच होत्या, एकदा दुमडलेल्या, ग्रीजचा वास असलेल्या. “या तुझ्या,” मी म्हणाले. “पडद्यांच्या.” त्याने हात पुढे केला. मी वाट बघत होते की तो त्या तशाच शर्टाच्या खिशात टाकेल आणि म्हणेल, तू दिल्यास ना, मग झालं. नऊ महिने मी त्याला या एका गोष्टीसाठी टोकत आले होते. त्याने घडी उघडली. वाऱ्याने उडू नयेत म्हणून अंगठ्याखाली धरल्या, आणि एक एक नोट वेगळी करत, ओठ हलवत, त्याने त्या मोजल्या.

“पाच,” तो म्हणाला. “बरोबर.”